चालेल-का ताई

माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलंच नाही, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच वाचताना अडायला होतं. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. तरी लिहायला बसले आहे. कुणाला दाखवायचं नाही, पण कुणाच्या हाती पडलंच तर आधीच माफी मागून ठेवते. चुका माझ्या आहेत, जिच्याविषयी लिहिते आहे तिच्या नाहीत.

ती काहीही करण्याआधी विचारायची, "चालेल का?" मी इथे बसले तर चालेल का? माठातलं पाणी घेतलं तर चालेल का? तुमचा फोटो काढला तर चालेल का? पहिल्या दिवशी सकाळी रिकामी बादली घेऊन ती हौदापाशी उभी होती, कुणीतरी दिसेपर्यंत. आमच्याकडे असं कुणी विचारत नाही. दारात आलेला माणूस आपलाच असतो, तो माठात पेला बुडवतो आणि पितो. शेजारची सुला भिंतीवरून बघत होती. ती म्हणाली, "आगं कौसे, ही म्हशीला बी इचारंल, दूध काढलं तर चालेल का म्हणून!" संध्याकाळपर्यंत गावात तिचं नाव पडलं, चालेल-का ताई. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "हे नाव मला चालेल." तिचं खरं नाव चांगलं आहे, पण ते मी लिहीत नाही. माझ्या ह्या गोष्टीत ते नको.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यातलं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं. आईबापांच्या मागे मुलंही जातात आणि शाळा सुटते. तसं होऊ नये म्हणून आमच्या शाळेच्या गुरुजींनी निवृत्त झाल्यावर एक संस्था काढली आणि हंगामापुरतं वसतिगृह चालू केलं. ज्यांना कुणीच नाही अशी थोडी मुलं बारा महिने असतात. मी तिथं स्वयंपाक करते. पोळ्याच्या सुमाराला गुरुजी म्हणाले, "कौसाबाई, शहरातून एक मुलगी येणार आहे, इंटर्नशिपला. समाजकार्याच्या कॉलेजात शिकते. संस्था कशी चालवायची, अनुदान कसं मिळवायचं ते शिकायला येते."

मी म्हटलं, "ह्याचं बी शिक्षण आसतंय व्हय?"

"असतं," गुरुजी म्हणाले. "आपण शिकलो नाही म्हणून तर पत्र्याला भोकं आहेत."

ती आली, आणि माझ्या स्वयंपाकघरातच ठाण मांडून बसली. मोबाईलची रेंज तेवढी तिथंच यायची. ज्वारीच्या पोत्यावर बसायचं, मांडीवर लॅपटॉप घ्यायचा, आणि धूर डोळ्यांत गेला की चष्मा काढून पुसत राहायचं. भाकरी वाढली की म्हणायची, "थँक्यू मावशी." दुसरी वाढली की पुन्हा थँक्यू. मी एकदा म्हटलं, "ताई, भाकरीला कशाचं थँकू? मी काय दुकानात बसलीया का?" त्यावर ती "सॉरी मावशी" म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मी सहसा कुणापुढे हसत नाही. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, लहानपणापासूनच तसं आहे. पण तिच्यापुढे मी बोलायला लागले होते.

ती लिहायची त्याला प्रपोजल म्हणतात. कंपन्यांकडे पैसे मागायचा अर्जच तो, फक्त लांबलचक. आधी आपली अडचण लिहायची, मग आपण काय करणार ते, मग खर्च, आणि शेवटी त्यातून काय बदलेल ते. इंग्रजीत लिहून झालं की ती मला मराठीत सांगायची आणि विचारायची, "मावशी, हे खरं आहे ना? वाढवून तर नाही ना लिहिलं?" त्यात सारखा एक शब्द यायचा, लाभार्थी. मी विचारलं, "लाभार्थी म्हंजी कोन?"

"ही मुलं."

"मंग पोरं म्हना की."

तिने तो शब्द जिथंजिथं होता तिथंतिथं काढला आणि मुलं असं लिहिलं. आता कंपनीला कळणार नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आता कळेल."

एक दिवस तिने वाचलं की वसतिगृहातल्या मुलांना रोज फळ मिळतं. गुरुजींनीच तिला तसं सांगितलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "रोज कुठं? बाजाराच्या दिशी केळं आसतंय." तिने लगेच खोडलं आणि आठवड्यातून एकदा केळं असं लिहिलं. गुरुजी दारातून म्हणाले, "अहो ताई, एका केळ्यावर कोण पैसे देणार?" ती म्हणाली, "गुरुजी, मागायची लाज नाही. खोटं सांगून मागायची आहे." गुरुजींना ते आवडलं असावं, कारण पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हे वाक्य ऐकवायचे. त्या केळ्याचा मलाही अभिमान वाटला होता. माझ्या सांगण्यावरून कंपनीच्या कागदात एक गोष्ट खरी झाली होती. म्हणून पुढचं जास्त लागतं. केळ्याविषयी माझं तोंड उघडलं आणि पोरांविषयी उघडलं नाही.

वसतिगृहात हंगामाला तीस-पस्तीस मुलं असायची. जागा आणि पैसे मिळाले तर किती ठेवाल, असं कंपनीने विचारलं. गुरुजी म्हणाले, शंभर लिहा. ती म्हणाली, अंदाजाने नको, आईबापांना विचारूनच लिहू. म्हणून दिवाळीआधी वसतिगृहाच्या अंगणात बैठक घेतली. सतरंज्या अंथरल्या, मी चहा केला. ती उभी राहिली आणि एकेका घराला नाव घेऊन विचारत गेली, "तुम्ही कारखान्यावर गेलात की मुलं आमच्याकडे राहतील. जेवण, अंथरूण, शाळा, सगळं इथे. ठेवाल ना? चालेल का?"

"चालंल की ताई."

"ठिवू की, कावून न्हाई?"

"तुमी म्हंत्यात तर ठिवतो."

सगळे म्हणाले. एकही जण नाही म्हणाला नाही.

केशर माझ्याशेजारीच कपबशा विसळायला बसली होती. दरसाल नवऱ्याबरोबर तोडीला जाते. तीन लेकरं, थोरली मुलगी तिसरीत. तीही ताईला हसून "चालंल" म्हणाली, आणि मग खाली मान घालून मला म्हणाली, "थोरलीला इथं ठिवली तर फडात बारकं कोन संभाळंल? मी काय पाठीला बांधून ऊस तोडू?"

मी तिला म्हणाले नाही की हे उठून ताईला सांग. मी स्वतःही सांगितलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. लांबून आलेला माणूस, त्यातून मुलगी, त्यातून इतक्या आर्जवाने विचारणारी. तिला नाही म्हणणं म्हणजे तिचा अपमान. होकार देतात तो तिच्या विचारण्याला, कामाला नाही. गावातल्या सगळ्यांना हे कळतं. तिला कोण सांगणार? बैठक संपल्यावर ती धावत आत आली. "मावशी, साठ मुलं! सगळे हो म्हणाले!" तिचे डोळे चमकत होते. माझ्या हातात डाळीचं सूप होतं. मी खडे निवडत राहिले आणि म्हटलं, "चांगलं झालं." मीही त्याच गावची.

कंपनीने पैसे मंजूर केले. पहिला हप्ता साठ मुलांचा आला. त्या दिवशी मी सगळ्यांना शिरा केला. गुरुजींनी नवे पत्रे टाकले, गाद्या आणि चादरी आणल्या, पोत्यांनी धान्य भरलं. ताई गाद्या एका ओळीत लावायची आणि पुन्हापुन्हा दारात जाऊन बघायची.

दिवाळी झाली आणि ट्रॅक्टर लागले. फडावरच्या कोपीचे, म्हणजे झोपडीचे, बांबू, भांडी, शेळ्या, सगळं ट्रॉलीत चढलं आणि वर मुलंही चढली. ताई एका ट्रॉलीपासून दुसरीकडे पळत होती. केशरच्या ट्रॉलीपाशी ती थांबली. थोरली मुलगी बारक्याला मांडीवर घेऊन वर बसली होती.

"केशरताई, तुम्ही हो म्हणाला होतात."

"म्हनले हुते की."

"मग?"

केशरला खरंच वाईट वाटलं. ती म्हणाली, "ताई, तुमी एवढ्या लांबून आलता. चारचौघांत तुमाला तोंडावर न्हाई कसं म्हनावं? तुमचं मन ऱ्हावं म्हनून म्हनलं. रागावू नका." आणि खाली वाकून तिने ताईच्या गालावरून हात फिरवला. ट्रॅक्टर गेले. वसतिगृहात नेहमीचीच तीस-पस्तीस मुलं राहिली. बाकीच्या गाद्या गुंडाळलेल्याच होत्या.

ती दोन दिवस पोत्यावर लॅपटॉप न उघडता बसली. मग गुरुजींना म्हणाली, "कंपनीला कळवायला हवं." गुरुजी म्हणाले, "कळवायचंच. पण नुसतं लिहून पाठवलं तर हप्ता थांबवतील, आणि आहेत त्या पोरांचंही बंद पडेल." मी चुलीपाशी होते. एवढं ऐकलं आणि माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. पुढचं मला ऐकू आलं नाही, की तेव्हा ऐकायचं सुचलं नाही. पुढचं असं ठरलं होतं की कंपनीच्या बाई भेटीला येणारच आहेत, तर त्यांना समोर बसून सगळं सांगायचं. ताई त्यांना आणायला बीडला जाणार होती, ती गाडीतच सांगणार होती. हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे येणार असले की घर उसनं भरतात. एकीकडची सतरंजी, दुसरीकडची स्टीलची ताटं, सरपंचाच्या घरची खुर्ची. पाहुणे गेले की ज्याचं त्याला परत. ह्यात कुणी कुणाला फसवतं असं कुणाला वाटत नाही. घराची लाज राखायची, एवढंच. माझ्या सोयरिकीच्या वेळी माझ्या अंगावर शेजारणीचं लुगडं होतं. बाई यायच्या त्या रविवारी सकाळी मी रिकामी खोली बघितली, त्या गुंडाळलेल्या गाद्या बघितल्या, आणि पदर खोचून घरोघर निघाले. मला दुसरं काही सुचलंच नाही.

आधी सुलाकडे गेले. तिच्याकडे थोडी जमीन आहे, ती तोडीला जात नाही.

"सुले, तुजी पोरं दे आजच्या दिवस."

"कावून?"

"कंपनीच्या बाई यायल्यात. वसतिगृह भरल्यालं दिसाया पायजे."

"जेवाया काय हाय?"

"वरण-भात आन् जिलबी."

"मंग दोन्ही ने. धाकट्याचं नाक पूस तेवढं."

असं करत करत सगळ्या आळ्यांतून पोरं गोळा केली. कुणी खळखळ केली नाही. मी गाद्या अंथरल्या, पोरांना ओळीत बसवलं आणि सांगितलं, "कुनी इचारलं तर म्हनायचं, आईबाप कारखान्यावर गेल्यात." मी, जिला चारचौघांत बोलता येत नाही, ती त्या सकाळी मास्तरणीसारखी बोलले. गुरुजी आले, दारातच थांबले, चष्मा काढून पुसला आणि बाहेर जाऊन लिंबाखाली बसले. काही म्हणाले असते तर बरं झालं असतं, पण तो दोष मी त्यांच्यावर टाकत नाही.

गाडी आली. बाई साध्या होत्या, चांगल्या होत्या. मराठी येत नव्हतं, हिंदीत बोलायच्या. वाटभर त्यांचा फोन चालू होता, आणि ताईला त्यांनी "पोचल्यावर निवांत बोलू" म्हणून थांबवलं होतं. ताई त्यांच्यामागून दारात आली आणि तिथंच उभी राहिली. वसतिगृहातलं एकेक मूल तिला नावाने माहीत होतं. तिने ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे चेहरे बघितले आणि मग माझ्याकडे बघितलं. मी हसले. मला वाटलं, ती खूश होईल. ते हसू आठवलं की आजही मी हातातलं काम सोडून उगाच उठते.

बाई मुलांबरोबर जमिनीवर जेवायला बसल्या. त्यांच्या शेजारी सुलाची पिंकी आली होती, सहा वर्षांची, दोन्ही हातांना जिलबीचा पाक. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून विचारलं, "माँ की याद आती है?" पिंकीला कळलं नाही. ताईने हळू आवाजात मराठीत सांगितलं, "आईची आठवण येते का, असं विचारतात."

"कावून यील?" पिंकी म्हणाली. "ती बघा की, तकडं भितीवरून बघायली!"

आणि तिने पाकाचं बोट दाखवलं. कंपाउंडच्या भिंतीवर सुला आणि आणखी चार-पाच जणी हनुवट्या टेकून बघत होत्या. त्या सगळ्या एकदम खाली बसल्या. बांगड्या वाजल्या आणि भिंतीपलीकडून दाबलेलं हसू ऐकू आलं. बाईंनी तिकडे बघितलं, तोवर भिंत रिकामी होती. त्या ताईला म्हणाल्या, "क्या बोली?"

ताईने आमच्या खऱ्या मुलांकडे बघितलं. ती पोरं खाली मान घालून जेवत होती, आपण काही केलं नसताना. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी पदराआडून हात जोडले. सांगू नको, अशी मान हलवली. माझ्या डोक्यात एकच होतं, हप्ता थांबला की ही पोरं उद्या कुठं जातील.

ती बाईंना म्हणाली, "कह रही है, बहुत याद आती है।"

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पिंकीला जवळ घेतलं. ताईने ताटाला हातही लावला नाही.

बाईंची गाडी परत गेली आणि बायका आपापली पोरं न्यायला आल्या, ताटं-वाट्या परत न्यायला याव्यात तशा. सुला म्हणाली, "पिंकीनं घोळ केला आस्ता बाई. झालं का मनासारखं?" मी म्हटलं, झालं. मग आत आले तर ताई पोत्यावर बसली होती.

"मावशी, हे तुम्ही केलंत?"

"व्हय ताई. तुमची लाज राखली."

ती रागावेल असं मला अजूनही वाटलं नव्हतं, आणि ती रागावलीही नाही. ती म्हणाली, "कामात मी आज पहिल्यांदा खोटं बोलले. किती सोपं गेलं, मावशी. त्याचीच भीती वाटते." तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं की मी काय करून ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लिंबाखाली उभं राहून बाईंना फोन लावला. गुरुजी जवळ होते. मी परात घेऊन तिथंच उभी होते. हिंदी मला समजतं. ती म्हणाली, साठ मुलं नाहीत, निम्मीच आहेत, काल मी तुमच्याशी खोटं बोलले. पलीकडून बाईंनी विचारलं असणार, ती मुलं कुणी आणली. ताईने फोन दुसऱ्या कानाला धरला. मग म्हणाली, "संस्था की तरफ़ से हुआ। मैं वहीं थी।" माझं नाव तिने घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मला फक्त "मी आणली" एवढंच म्हणायचं होतं. परात घट्ट धरून मी उभी राहिले आणि म्हणाले नाही.

कंपनीने वसतिगृह बंद पाडलं नाही. होती त्या मुलांचा खर्च मान्य केला, पण जी मुलं नव्हती त्यांचे पैसे परत करा असं कळवलं. पुढचं अनुदान मिळणार नव्हतं. ते वाजवीच होतं. ताईचं मात्र मोठं नुकसान झालं. भेटीत खोटी माहिती दिली हे तिने आपल्या कॉलेजलाही स्वतःच कळवलं, आणि तिची इंटर्नशिप धरली गेली नाही. आता दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेत पहिल्यापासून करावी लागणार होती. तिच्या मैत्रिणी पास होऊन नोकरीला लागल्या आणि ती मागे राहिली. गुरुजी म्हणाले, "ताई, हे कॉलेजला सांगायची गरज नव्हती." ती म्हणाली, "केळं खरं लिहायचं आणि हे लपवायचं, असं कसं गुरुजी?"

संक्रांतीच्या आधी ती गेली. सगळी मुलं एसटीपर्यंत गेली, सुला गेली, गुरुजी गेले. मी गेले नाही. पीठ मळत बसले, लागणार नव्हतं इतकं पीठ. ती पिशवी खांद्याला लावून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"मावशी, मी निघते."

मी मान वर केली नाही.

"तुम्ही माझ्यासाठीच केलंत ना?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"म्हणून मला धड रागही येत नाही," ती म्हणाली. "आला असता तर दोघींनाही सोपं गेलं असतं." आणि खाली वाकून तिने माझ्या पिठाच्या हातांना हात लावला. मी "जपून जावा" एवढंही म्हणाले नाही. एसटीचा हॉर्न ऐकला तेव्हा उठले.

पैसे फेडायचे होते, आणि ते पत्र्यांत, गाद्यांत, धान्यात गेले होते. गुरुजींनी दर महिन्याला पेन्शनमधून पाठवायचं ठरवलं. मी म्हटलं, माझ्या पगारातून कापा. ते म्हणाले, "कौसाबाई, तुमचा पगार तो केवढा?"

"जेवढा हाय त्यातनं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वहीत माझं नाव लिहून घेतलं. सुला एकदा थोडे पैसे घेऊन आली. म्हणाली, "माज्या दोन पोरांनी जिलबी खाल्ली, तेवढ्याचं तरी घे. पिंकीनं तर चार खाल्ल्यात." ताईनेही पाठवायला सुरुवात केली. गुरुजींनी फोनवर तिला नको म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, साठ हा आकडा मीच लिहिला होता. मधूनमधून तिचा फोन यायचा आणि गुरुजी माझ्या हातात द्यायचे. ती विचारायची, "मावशी, कशा आहात?" मी म्हणायची, बरी हाय. तिने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर मी दिलं, पण जे सांगायचं होतं ते नाही. पुढे तिची इंटर्नशिप पूर्ण झाली. आता ती एका संस्थेत नोकरी करते आणि नव्या विद्यार्थ्यांना प्रपोजल लिहायला शिकवते. गुरुजी सांगतात, ती त्यांना सगळ्यांत आधी आमच्या गावाची गोष्ट सांगते. त्यात ती स्वतः चुकलेली असते. मी नसते.

हंगाम संपून कारखाने बंद झाले आणि मंडळी परत आली, तेव्हा केशरला सगळं कळलं. ती माझ्या दारात येऊन बसली. मग म्हणाली, "आमी न्हाई म्हनलं आस्तं तर ती पोरगी वाचली आस्ती." पुढच्या दिवाळीआधी गुरुजींनी पुन्हा बैठक घेतली. ह्या खेपेला लोक गुरुजींच्या तोंडावर म्हणाले, "न्हाई गुरुजी, आमचं न्हाई जमायचं." पहिला माणूस म्हणाला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. केशर शेवटी उठली. "माजी थोरली ठिवते. खरंच ठिवते. बारक्याला सासू संभाळायली." गुरुजींनी जेवढी नावं लिहिली तेवढीच मुलं आली. फार नव्हती.

काल शेवटचा हप्ता होता. गुरुजींचे गुडघे आता चालू देत नाहीत, म्हणून त्यांच्या सोबतीला मी शिरूरच्या बँकेत गेले. खिडकीवर एक तरुण कारकून होता. मागे रांग होती. त्याने विचारलं, "पैसे पाठवायचं कारण काय टाकू?"

गुरुजी म्हणाले, "नेहमीचंच. परतावा."

"कशाचा परतावा? नीट सांगा काका."

गुरुजी माझ्याकडे बघत नव्हते. ते कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

मी म्हटलं, "पोरं नव्हती, तरी हायती म्हनून घेतल्याले पैसे हायत." माझा आवाज मलाच मोठा वाटला. रांगेतली माणसं बघायला लागली. पण आता निघालंच होतं. "कंपनीच्या बाई आल्या तवा गावातली पोरं मी आनून बसवलती. मी, कौसाबाईनं. आमच्या ताईनं न्हाई. तिला ठावं बी नव्हतं. ती खोटं बोलली ते माज्यामुळं."

कारकून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने कॉम्प्युटरकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, एवढं बसत नाही ह्यात."

"मंग बसंल तेवढं लिव्हा."

त्याने जरा विचार केला, पूर्ण परतावा असं टाकलं, पावतीवर शिक्का मारला आणि ती खिडकीतून बाहेर सरकवली.